रजा, राजी, राजीनामा

'रजा' हा शब्द आपल्या भाषेत इतका घरचा झाला आहे की तो अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला हे कोणी सांगितल्यावाचून ध्यानातही येत नाही. मूळ अर्थ खुषी, संमती. 'राजी' हा त्याचाच सख्खा भाऊ, आणि 'राजीनामा' हाही त्याच घराण्यातला; आपण राजी आहोत असे लिहून देण्याचा तो कागद. म्हणजे चार दिवस मोकळे व्हायचे तर धन्याची खुषी लागते आणि कायमचे मोकळे व्हायचे तर आपली स्वतःची पुरते! 'सुटी' मात्र देशी. सुटणे या क्रियापदातून ती निघाली, आणि तिच्यात कोणाच्या मर्जीचा वास नाही. घंटा झाली की शाळा सुटते, तशी ती आपोआप येते.

गेली काही वर्षे मी एका लहानशा प्रश्नाच्या मागे आहे. पगारावर पोट असलेल्या माणसाला लोकांचे काम करावेसे वाटले तर त्याने वेळ कोठून आणायचा, आणि त्या वेळाचा पगार कोणी सोसायचा? संतांना हा प्रश्न पडला नाही, कारण ते नोकरीत नव्हते. सरदार-दरकदारांना पडला नाही, कारण त्यांच्यापाशी वेळ उदंड होता. कचेरी, हजेरीपट आणि महिनाअखेरचा पगार या तीन गोष्टी एकत्र आल्यानंतरचा हा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याची दोन उत्तरे फार लवकर निघाली. तिसरे उत्तर निघाले ते पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ दूर.

पहिले उत्तर धोंडो केशव कर्वे यांचे. 1891 साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासद म्हणजे वीस वर्षांची बांधीलकी आणि महिना पंचाहत्तर रुपये. अनाथ बालिकाश्रमाची मंडळी 1896 साली स्थापन झाली, आणि 1900 साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. गेला म्हणजे माळावरच्या एका झोपडीत गेला. पुण्यातल्या सनातन्यांना विधवांचे शिक्षण खपत नव्हते, शिवाय प्लेग होताच. आता त्या झोपडीत बायकांना रात्री एकटे कसे ठेवायचे? म्हणून कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवीत, संध्याकाळी आश्रमाचे सामानसुमान बरोबर घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जात, रात्री तेथे राहत आणि सकाळी पुन्हा चार मैल चालत कॉलेजात हजर होत. पावसाळ्यात त्या वाटेची काय दशा होत असेल ती पुण्याच्या काळ्या मातीची ओळख असणाऱ्याला सांगायला नको. कॉलेजच्या लांब सुट्या वर्गणी गोळा करण्यात जात. कोणाची रजा त्यांनी मागितली नाही. आपल्या मालकीची रात्र आणि आपल्या मालकीची सुटी त्यांनी दिली, आणि सोसायटीचा तास एकही बुडवला नाही. 1914 साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठ निघाले ते त्यानंतर दोन वर्षांनी.

दुसरे उत्तर अमृतलाल ठक्करांचे. पुण्याला इंजिनिअरिंग शिकलेला हा भावनगरचा माणूस पोरबंदर, युगांडाची रेल्वे असे करीत सांगली संस्थानात नोकरीला आला आणि तेथे त्याची गोखले व कर्वे यांच्याशी ओळख झाली. पुढे मुंबई म्युनिसिपालिटीत असताना शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या छोट्या रेल्वेचे काम त्यांच्याकडे होते, आणि त्या कामामुळे सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या. जे पाहिले ते कचेरी सुटल्यावरच्या दोन तासांत आवरणारे नव्हते. 1914 साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांनी म्युनिसिपालिटीचा राजीनामा दिला आणि ते भारत सेवक समाजात दाखल झाले. ठक्करबाप्पा हे नाव त्यानंतरचे.

एकाच वर्षी एकाने वीस वर्षांचा करार पुरा करून कॉलेज सोडले आणि दुसऱ्याने मध्येच नोकरी सोडली, हा योगायोग मला नेहमी बोलका वाटतो. गोखल्यांनी 1905 मध्ये समाज काढला तो याच जाणिवेने, की देशाचे काम हे फावल्या वेळाचे काम नव्हे. पण कर्व्यांसारखे पाय आणि ठक्करांसारखी छाती कितीजणांना असते? घरी म्हातारे आईबाप, धाकट्या बहिणींची लग्ने, शाळेतली मुले असलेला सामान्य कारकून या दोन्ही उत्तरांपुढे हात जोडतो आणि खाली मान घालून फायलीकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी तिसरे उत्तर हवे होते.

त्या उत्तराची एक कच्ची रूपरेषा अमेरिकेत महायुद्धांच्या काळात दिसते. सरकारला कारखानदारीतली जाणती माणसे हवी होती. पण फुकट सेवा घेण्यास तेथील कायद्याची आडकाठी. तेव्हा वर्षाला एक डॉलर नाममात्र पगार देऊन त्यांना नेमीत, आणि दुसऱ्या महायुद्धात यांतल्या पुष्कळांचा खरा पगार त्यांची कंपनीच चालू ठेवी. 'डॉलरवाले' या नावाने ही मंडळी प्रसिद्ध झाली. लोकांचा संशयही त्यांच्यामागे लागला, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणवत नाही. ज्याचा पगार कंपनी देते तो सरकारी खुर्चीत बसून कोणाचे हित पाहील? हा संशय पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. शिवाय हे सगळे साहेबलोक. फाटकावरच्या कामगाराला असे कोणी बोलावले नव्हते.

आता गाव बदलावे लागते. न्यूयॉर्क राज्यात ऑन्टॅरिओ सरोवराच्या दक्षिणेला जेनेसी नदीच्या धबधब्यांवर वसलेले रॉचेस्टर हे एके काळचे पिठाच्या गिरण्यांचे शहर. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी 1847 मध्ये आपले वृत्तपत्र येथे काढले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या सुझन अँथनी येथेच राहत. पुढे जॉर्ज ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीने हे शहर जणू खिशात घातले. ईस्टमन मोठे दाते. विद्यापीठ, संगीतविद्यालय, मुलांसाठी दातांचा दवाखाना, काय म्हणाल ते त्यांनी दिले. आपल्याकडच्या शेठजींनी धर्मशाळा बांधाव्यात त्याच जातीचे हे दान: धनी देतो, गाव घेते, आणि कारखान्यात राबणारा माणूस त्यात कोठेच नसतो.

1950 नंतरच्या दहा वर्षांत रॉचेस्टरची कृष्णवर्णीय वस्ती जवळजवळ तिप्पट झाली. दक्षिणेकडच्या शेतांतून कामासाठी आलेली ही माणसे. शहरात काम भरपूर, पण यांना मिळायचे ते झाडूचे. राहायला दोन जुन्या वॉर्डांतल्या पडक्या चाळी. 24 जुलै 1964 च्या रात्री जोसेफ अॅव्हेन्यूजवळ रस्त्यावरचा नाच चालू असताना पोलिसांनी एका दारू प्यालेल्या तरुणाला धरले, आणि त्या ठिणगीने तीन दिवस शहर पेटले. सुमारे हजार माणसांना अटक झाली, दुकाने लुटली गेली, पाहणीसाठी फिरणारे हेलिकॉप्टर एका घरावर कोसळून त्यातही जीव गेले. गव्हर्नर रॉकफेलर यांना नॅशनल गार्ड पाठवावे लागले. दानशूर म्हणून मिरवणारे हे शहर. त्याला आपल्याच घराच्या मागच्या अंगणात काय साठले आहे याची कल्पना नव्हती.

चर्चच्या मंडळींनी मग शिकागोहून सॉल अलिन्स्की या नामांकित संघटकाला बोलावले. त्यातून 'फाइट' नावाची संघटना उभी राहिली आणि रेव्हरंड फ्रँकलिन फ्लोरेन्स तिचे पुढारी झाले. तिने पहिला मोर्चा वळवला तो अर्थातच कोडॅककडे. दीड वर्षात आमच्या सहाशे माणसांना शिकवून कामावर घ्या, ही मागणी. कोडॅकने रंगीत फिल्म शोधली, वर्णांच्या प्रश्नात तिची कामगिरी एवढीच, असे अलिन्स्की चेष्टेने म्हणत. 20 डिसेंबर 1966 रोजी कोडॅकच्या एका अधिकाऱ्याने करारावर सही केली, आणि दोनच दिवसांत कंपनीने ती सही आपली नव्हे म्हणून झटकून टाकली! पुढच्या एप्रिलात भागधारकांची सभा न्यू जर्सीतील फ्लेमिंग्टन या गावी झाली, तेथे फ्लोरेन्स आणि त्यांचे साथीदार जाऊन धडकले. जून 1967 मध्ये एका तारेच्या मजकुरावर तडजोड झाली. सही मोडल्याचा डाग मात्र गेला नाही.

त्याच शहरात दुसरी एक कंपनी वाढत होती. तिचे नाव आपल्या तालुक्याच्या गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. सातबाराची 'झेरॉक्स' काढून आण, असे आपण त्याला सांगतो तेव्हा आपण रॉचेस्टरचेच नाव घेत असतो. 1906 साली हॅलॉइड या नावाने निघालेली, फोटोचा कागद बनवणारी ही लहान कंपनी. चेस्टर कार्लसन या पेटंटच्या कचेरीत काम करणाऱ्या गृहस्थाने 22 ऑक्टोबर 1938 रोजी अॅस्टोरियातल्या एका भाड्याच्या खोलीत कोरड्या छपाईची पहिली नक्कल काढली होती. अनेक बड्या कंपन्यांनी पाठ फिरवल्यावर हॅलॉइडने ती विद्या उचलली. 1959 साली '914' हे यंत्र बाजारात आले आणि लहान कंपनीची मोठी झाली. कार्लसन यांच्याकडे पैशाचा पूर आला, तो त्यांनी बहुतांशी गुपचूप वाटून टाकला आणि 1968 मध्ये त्यांचे निधन झाले.

कंपनीचे धुरीण जोसेफ विल्सन रॉचेस्टरचेच. त्यांचे आजोबा गावाचे मेयर होते, म्हणजे दंगल ही त्यांच्या लेखी बातमी नव्हती, घरची गोष्ट होती. कोडॅक आडमुठेपणा करीत असताना झेरॉक्सने 'फाइट'शी बोलणी केली, शिकाऊ माणसांसाठी वर्ग काढले, आणि 1968 साली त्या संघटनेच्याच मालकीचा एक कारखाना उभा करण्यास मदत करून त्याचा माल घेण्याची हमी दिली. त्याच वर्षी विल्सन आणि त्यांचे उत्तराधिकारी पीटर मॅकालो यांनी सर्व अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवले. वर्णभेदाच्या पापात आपलीही कंपनी वाटेकरी आहे हे त्यात स्पष्ट म्हटले होते. कंपनीच्या पत्रव्यवहारात असली भाषा विरळा.

आणि 1971 मध्ये झेरॉक्सने 'समाजसेवा रजा' जाहीर केली. ज्याची तीन वर्षे नोकरी झाली आहे अशा अमेरिकेतील कोणाही नोकराने अर्ज करावा. काम कोणते करणार ते त्यानेच ठरवावे आणि ज्या संस्थेत करणार तिची मान्यता त्यानेच आणावी. रजा वर्षभरापर्यंत. पगार पुरा, आणि परत आल्यावर तीच किंवा त्याच तोलाची जागा. पक्षाचे राजकारण तेवढे वर्ज्य. निवड कर्मचाऱ्यांमधूनच नेमलेल्या समितीने करायची. पहिली मंडळी 1972 च्या आरंभी बाहेर पडली, जेमतेम विसाच्या घरात. कोणी व्यसनात सापडलेल्या पोरांत काम करायला गेले, कोणी तुरुंगातून सुटलेल्यांसाठी, कोणी अपंगांच्या शाळेत. विल्सन यांनी ही सुरुवात पाहिली नाही. नोव्हेंबर 1971 मध्ये न्यूयॉर्कला गव्हर्नर रॉकफेलर यांच्याकडे भोजनाला बसले असताना त्यांना मृत्यू आला.

या योजनेतले दोन बारकावे मला मोलाचे वाटतात. एक, तिची दारे कचेरीतल्या साहेबाइतकीच गोदामातल्या माणसालाही उघडी होती. डॉलरवाल्यांच्या परंपरेपासून ती येथे तुटली. दुसरा, काम कंपनी नेमून देत नव्हती. धनी जेव्हा आपल्या नोकरांना सेवेला 'पाठवतो' तेव्हा ती नोकरीच असते, फक्त तिची जागा बदललेली असते. आमच्याकडे पाहुण्या मंत्र्यासमोर झाडू घेऊन उभे केलेले कारकून आपण पाहिलेच आहेत. फोटो झाला की झाडू भिंतीला. रॉचेस्टरच्या योजनेत नोकर आपण होऊन म्हणे, मला हे करायचे आहे, आणि धनी राजी होई. रजा या शब्दाचा मूळ अर्थ तेथे पुरा होतो.

पण चित्र एकरंगी नाही. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतील झेरॉक्सचे कृष्णवर्णीय विक्रेते संघटित होऊन कोर्टाची भाषा बोलू लागले होते. चांगल्या गिऱ्हाइकांचे विभाग गोऱ्यांना आणि उरलेसुरले आम्हाला, ही त्यांची तक्रार. एका हाताने वर्षभराची रजा देणारी कंपनी दुसऱ्या हाताने विभाग असे वाटत होती. मला यात ढोंग दिसत नाही. मोठ्या घरात माजघर आणि ओसरी यांची एकमेकांना खबर नसते, तसा प्रकार. तरी 'फाइट'ची मूळ मागणी आठवावी. तिने कोणाची सेवा मागितली नव्हती, तिने नोकऱ्या मागितल्या होत्या. वीस भल्या माणसांनी वर्षभर वस्तीत काम करणे आणि वस्तीतल्या सहाशे माणसांना कामावर घेणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. झेरॉक्सचे श्रेय एवढे की तिने पहिली गोष्ट दुसरीच्या बदल्यात देऊ केली नाही. दोन्ही केल्या, कमीअधिक.

आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. देणारा नेमका कोण? पैसा कंपनीचा, म्हणजे भागधारकांचा. वर्ष त्या माणसाचे. पण तो गेल्यावर त्याच्या टेबलावरचे काम कोणी उपसले? मी स्वतः बरीच वर्षे कचेरीत काढली आहेत, आणि एकजण रजेवर गेला की शेजारच्याच्या टेबलावर ढीग कसा चढतो ते मला पुस्तकात वाचावे लागत नाही. त्या शेजाऱ्याचे नाव कोणत्याच अहवालात येत नाही. कर्वे रात्री चालत जात तेव्हा त्यांच्या सेवेचा भार कॉलेजातल्या दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर पडत नव्हता. घरात आनंदीबाईंच्या पडत होता. त्यांनी आपल्या आत्मकथेत तो लपवलेला नाही.

झेरॉक्सचे अनुकरण झाले ते तुकड्यातुकड्यांनी. 1971 सालीच आयबीएम कंपनीने आपली शिकलेली माणसे पगारासह कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत शिकवायला धाडण्यास आरंभ केला. न्यू हॅम्पशर राज्यातील टिंबरलँड या बूट बनवणाऱ्या कंपनीने 1992 मध्ये प्रत्येक नोकराला वर्षाकाठी सोळा तास दिले आणि पुढे ते चाळीस केले. सुरुवात गमतीची होती. बॉस्टनच्या तरुण स्वयंसेवकांच्या एका संस्थेने 1989 मध्ये पन्नास जोड बूट मागितले. बुटांमागोमाग माणसेही गेली. वर्षाचे तास झाले, पण वीस माणसांऐवजी सगळ्यांना मिळाले. यात हिशेब तोट्याचा की फायद्याचा हे कामावर अवलंबून आहे. भिंत रंगवायला सोळा तास पुरतात. तुरुंगातून सुटलेल्या माणसाचा विश्वास बसायला मात्र त्याला तीच व्यक्ती दर आठवड्याला दिसावी लागते. इंग्लंडात 2015 च्या निवडणुकीत हुजूरपक्षाने मोठ्या आस्थापनांतील नोकरांना वर्षाला तीन दिवसांची पगारी सेवारजा कायद्याने देण्याचे वचन जाहीरनाम्यात घातले. पक्ष निवडून आला. कायदा झाला नाही.

आपल्याकडे मात्र सरकारी दप्तरात ही गोष्ट वेगळ्या नावाने, गाजावाजा न होता नांदत आली आहे. तिला 'विशेष नैमित्तिक रजा' म्हणतात. डिसेंबर 1946 मध्ये मुंबई प्रांतात मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने होमगार्ड दल निघाले. दंगलीच्या दिवसांत पोलिसांना हात देणारे हे नागरिक दिवसा कोठेतरी नोकरीत असत. त्यांना बोलावणे आले की पगार कापायचा की नाही हा प्रश्न उभा राहणारच. होमगार्ड, सेंट जॉन अॅम्ब्युलन्स, प्रादेशिक सेना यांच्या शिबिरांसाठी आणि कवायतींसाठी ही रजा आली, ती नेहमीच्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही. पुढे रक्तदानासाठी त्या दिवसापुरती रजा मिळू लागली. खाजगी कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्याने नफ्याचा दोन टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि 1 एप्रिल 2014 पासून ते लागू झाले. पण ते पैशाचे बंधन आहे. नोकराच्या वेळाविषयी त्या कलमात काही नाही.

एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी या रजेत एक भर घातली. जो नोकर दुसऱ्या माणसाला आपला अवयव देईल त्याला बेचाळीस दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा. शस्त्रक्रिया कोणत्याही प्रकारची असो, कमाल मर्यादा तीच. डॉक्टरांची शिफारस लागते. रजा सामान्यतः दवाखान्यात दाखल झाल्या दिवसापासून एकसलग घ्यायची, आणि डॉक्टरांनी सांगितले तर आठवडाभर आधीपासूनही घेता येते. कारकुनी मराठीत अशा अर्जावर 'कारण' म्हणून एक रकाना असतो. ताप, लग्न, घरबांधणी, यात्रा असे शब्द ज्यात पिढ्यानुपिढ्या लिहिले गेले त्या रकान्यात आता एखादा वरिष्ठ लिपिक 'मूत्रपिंड देणे' एवढेच लिहितो, आणि साहेब खाली सही करतात.